पंचवीस खड्यांचं घड्याळ

थोरल्या जावयांना घड्याळाची हौस नव्हती, साडूपेक्षा वरचढ असण्याची होती. पाणीपुरवठा कचेरीत ते मीटर विभागाचे प्रमुख होते आणि मोजणं त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. सासुरवाडीला गेले की आधी स्वतःच्या ताटात बघत, मग धाकट्या जावयांच्या. धाकटे शाळेत चित्रकला शिकवत आणि कुणाच्याच ताटात डोकावत नसत. थोरल्यांना त्याचाच जास्त राग येई.

एका रविवारी धाकट्यांनी हात धुताना घड्याळ काढून बेसिनशेजारी ठेवलं. थोरल्यांनी ते लगेच उचलून वाचलं. काट्यांखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एकवीस ज्वेल्स. त्यांच्या स्वतःच्या घड्याळावर सतरा होते. त्या दुपारी त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आपण चार रत्नांनी मागे पडलो, असं त्यांनी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्या कानातल्यात खडे किती ते सांगा पाहू. त्यांनी कूस बदलली.

सोमवारी ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेले. जिन्याखालचं एवढंसं दुकान, एका डोळ्याला भिंग, समोर चिमटे आणि काचेच्या झाकणाखाली ठेवलेले सुटे भाग. थोरल्यांनी काम सांगितलं: सतराचे पंचवीस करायचे, आणि मागे काच बसवायची, म्हणजे लोकांना दिसतील.

बाईंनी घड्याळ उघडून भिंग त्यांच्या हाती दिलं. आत तांबडे ठिपके चमकत होते.

"हे माणिकच, पण भट्टीत केलेलं," बाई म्हणाल्या. "दागिन्यात घालायला नाही. चाकाच्या आसाचं टोक केसाएवढं असतं. ते धातूच्या भोकात वर्षानुवर्षं फिरलं तर दोन्ही झिजतात. खडा कठीण आणि गुळगुळीत, म्हणून टोक त्यात अलगद फिरतं. वर खोलगट वाटी असते, तिच्यात तेलाचा थेंब धरून राहतो. जिथं घासतं तिथं खडा. तुमच्या घड्याळात अशा जागा सतरा. सगळ्या भरलेल्या आहेत."

"मग साडूंच्यात एकवीस कशाला?"

"त्याला चावी द्यावी लागत नसेल. हात हलला की आपोआप भरत असेल. त्या जादा चाकांना जादा खडे. तेही कामालाच आहेत."

थोरल्यांना सगळं नीट समजलं, आणि तीच अडचण झाली. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, की आठ खडे काम नसलेल्या जागी बसवले तरी चालतील.

"साहेब, काम नसलेला खडा म्हणजे घड्याळात पडलेला कचरा."

थोरल्यांच्या विभागात चार टेबलांच्या कामाला अकरा माणसं होती. त्यामुळे हे बोलणं त्यांना उगाचच बोचलं. बाईंनी मागे काच तेवढी बसवून दिली.

दोन गल्ल्या सोडून खोटे दागिने करणारा एक कारागीर बसे. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. अर्ध्या तासात त्याने मधल्या पट्टीवर आठ लाल खडे गोंदाने चिकटवले, तेही फुलाच्या आकारात. काचेतून घड्याळ एखाद्या कर्णफुलासारखं दिसू लागलं. थोरले धन्य झाले.

पुढच्याच आठवड्यात सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायचा ठरलं. स्टुडिओतली वेळ बाराची होती, कारण साडेबाराला फोटोवाल्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. मोठे जावई या नात्याने वेळेची जबाबदारी थोरल्यांनी आपणहून अंगावर घेतली. मी सांगेन तेव्हा निघायचं, असं त्यांनी जाहीर केलं. मग मनगट उलटंपालटं करत ते प्रत्येकाला घड्याळाची पाठ दाखवत फिरले. सासूबाई छान म्हणाल्या. धाकटे तर मनापासून छान म्हणाले.

बायको साडी नेसून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, पावणेबारा झाले."

"अकरा वीस," थोरले म्हणाले.

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. थोरल्यांनी त्या प्लास्टिकच्या घड्याळाकडे कीव करून पाहिलं आणि विचारलं, त्यात एक तरी खडा आहे का. थोड्या वेळाने धाकट्यांनी आपलं मनगट बघून हळूच सांगितलं, की बाराला दहा कमी आहेत. थोरल्यांनी त्यांना समजावलं, की आपोआप भरणारी घड्याळं जरा उतावळी असतात. सासऱ्यांच्या वाढदिवशी जावयाशी वाद कोण घालणार? सगळे नटूनथटून बसून राहिले. थोरल्यांच्या घड्याळात अकरा वीसच होते. त्यांनी ते दोनदा कानाला लावलं आणि दोन्ही वेळा चेहरा अगदी सरळ ठेवला.

शेवटी सासरेच काठी घेऊन उठले. स्टुडिओपाशी पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, फोटोवाला वाट बघून बघून आत्ताच गेला. भर उन्हात अकरा माणसं रस्त्यावर उभी राहिली.

सासऱ्यांनी थोरल्यांचं मनगट हातात धरून काच निरखली. "जावईबापू, खडे किती म्हणालात?"

"पंचवीस."

"त्यातला एखादा चालतो का?"

बायको मोठ्याने हसली. अठरा वर्षांत ती इतकं हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घड्याळ उघडलं. एक खडा सुटून मागेपुढे झुलणाऱ्या चाकात अडकला होता आणि गोंद जाऊन तेलात मिसळला होता. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. घेतलं त्या दुकानातूनच तसं आलं, असं थोरले म्हणाले. मागच्या सोमवारी ते याच खुर्चीत बसले होते, हे दोघांनाही आठवत होतं. बाईंनी एकेक भाग सुटा करून धुतला.

घड्याळ पुन्हा ठणठणीत चालू लागलं. थोरल्यांनी काच काढून जुनं पोलादी झाकण बसवून घेतलं. महिन्याभराने सासुरवाडीला सगळे जमले, तेव्हा जेवण होईपर्यंत त्यांनी दम धरला. मग धाकट्यांना समोर बसवून अर्धा तास समजावलं, की खडे मोजणं हे अडाण्यांचं लक्षण आहे, खरी गोष्ट घर्षणाची. धाकटे लक्ष देऊन ऐकत होते. आस, तेल, वाटी, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दादा, माझ्या घड्याळात किती असतात हो? मी कधी बघितलंच नाही."

"एकवीस," थोरले म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.