सोळा मिलिमीटर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बासरीच्या तोंडाकडच्या तुकड्याला चीर गेली. आवाज झाला नाही. ओदिलला ती बोटाखाली लागली.

बासरी अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या आमच्याच ला कुतूर गावात, बॉक्सवुड नावाच्या पिवळ्या, कठीण लाकडातून लेथवर कातलेली. नक्कल करायची म्हणून संग्रहालयाने ती ओदिलला मापं घेण्यापुरती आठ दिवस दिली होती. करारातली पहिलीच अट होती, वाजवू नये. मापं कालच संपली. पण मापांवरून सूर कळत नाही, म्हणून आज तिने फुंकली. जेमतेम दोन मिनिटं. कारखान्यात अकरा अंश तापमान होतं.

तिचे काका गास्तों यांनी भिंग लावलं. पन्नास वर्षं त्यांनी बासऱ्याच कातल्या होत्या.

"शेगडी पेटवली होतीस?"

"नाही."

"गारठलेल्या लाकडात गरम श्वास. शिकाऊ पोरानं हे केलं असतं तर कान धरून हाकलला असता."

"मलाही हाकला. आधी हिचं काय ते सांगा."

"आतून ओल धरून फुगलीय, बाहेरून कोरडीच आहे. वाळली की चीर मिटेल. संध्याकाळी संग्रहालयाची बाई न्यायला येईल तेव्हा दिसणारसुद्धा नाही."

ओदिल आणखीच घाबरली. मिटलेली चीर कोणाला दिसली नाही, तर पुढे कोणीतरी निर्धास्त फुंकेल आणि तुकडा उभा फाटेल. सांगितलं, तर मूळ वाद्य तिच्या हातात पुन्हा कोणी देणार नाही. आणि जुन्या वाद्यांच्या नकला करण्यावरच तिचं पोट होतं.

नऊ चाळीसला चीर चौदा मिलिमीटर भरली. दहा वाजून दहा मिनिटांनी सोळा.

"मिटणार होती ना, काका?"

"आधी वाढते, मग मिटते."

"नेहमी?"

काकांनी भिंग पुसलं. "नेहमी नाही."

ओदिलने संग्रहालयाला फोन लावला. तिथल्या मादाम लेस्कूर यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाजवली कोणी?"

"मी. दोन मिनिटं."

मग त्या म्हणाल्या, "आता तिला हात लावू नका. मापायलासुद्धा नाही. कपाटात ठेवून कुलूप लावा. मी निघते."

दुपारी एकपर्यंत मादाम पोचल्या नव्हत्या. किल्ली गास्तोंच्या खिशात होती. कुलूप लावल्यापासून कपाट उघडलेलं नव्हतं; आत चीर मिटत होती की वाढत होती, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.