वाट कुणाचीच नव्हती

कलावतीबाईंच्या बंगल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वसुंधरा निघाली, तेव्हा अरुणकुमार सायकल घेऊन फाटकापर्यंत सोबत आला आणि वाटेत पुन्हा तेच बोलला. पुस्तकाचा विषय निघाला तर असलं काही घरात नाही म्हणायचं. उखाणे कुठून आणतेस असं कुणी विचारलं तर स्वतः रचते म्हणायचं. त्यात खोटं तरी काय होतं? ती रचतच होती.

तो ड्रॉइंग ऑफिसात होता. पोलाद कारखान्याचे नकाशे त्याच्या टेबलावरून जात. चीनशी लढाई थांबली होती, पण साध्या कपड्यातला एक माणूस वसाहतीतल्या त्यांच्या सेक्टरमध्ये येऊन कोण काय वाचतं याची चौकशी करून गेला होता. अशा दिवसांत नकाशे हाताळणाऱ्याच्या घरी चिनी बाईच्या कविता सापडल्या, तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. आणि कलावतीबाई त्याच्या साहेबांच्या पत्नी होत्या.

पुस्तक इंग्रजीत होतं. शेजारी राहणाऱ्या, कारखान्यातल्या रशियन दुभाषी बाईनं मायदेशी परतताना ते वसुंधरेला दिलं होतं. त्यातली कवयित्री चीनच्या बादशाही काळातली, एका नदीकाठच्या गावची. तिच्या कविता नवऱ्यानं आपल्या नावावर खपवल्या. ती न्यायाधिकाऱ्यापुढे उभी राहिली. नवरा म्हणाला, ही रात्रीची कविता मीच लिहिली, बायको माझी वाट बघते आहे अशी कल्पना करून. ती म्हणाली, मूळ ओळ तशी नाहीच, मी कुणाचीच वाट बघत नव्हते. निकाल नवऱ्याच्या बाजूनं लागला. तिनं घर सोडलं, नदीच्या धक्क्यावर दारूचं दुकान टाकलं आणि पुढच्या कविता दुकानाच्या भिंतीवर लिहिल्या. पावसानं धुतल्या की पुन्हा लिहायची. तिचं स्वतःचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

वसुंधरेचा घोळ झाला तो मागच्या संक्रांतीला. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर असलेल्या शालिकरामची बायको शकुबाई ऐनवेळी उखाणा मागायला आली. हातात पोळीचं पीठ, डोक्यात ती कविता. वसुंधरेनं दोन ओळी मराठीत आणल्या आणि दुसरीत शालिकरामचं नाव बसवून देऊन टाकल्या. त्या कुणाच्या, हेही तिनं शकुबाईला हसत सांगितलं. तीन पाळ्यांच्या त्या गावात रात्रपाळीवाल्याची वाट कोण बघत नव्हतं? उखाणा वर्षभरात सेक्टर-सेक्टरमधून फिरला. प्रत्येकीनं आपापल्या नवऱ्याचं नाव त्यात घातलं.

दिवाणखान्यात बायका भिंतीला धरून बसल्या होत्या. कलावतीबाईंचे हात मोकळे होते, सोन्याच्या बांगड्या त्यांनी संरक्षण निधीत दिल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ नेफाच्या आघाडीवरून अजून परतला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. यजमानीण म्हणून पहिलं नाव त्यांनीच घेतलं.

"नदीत पडला चंद्र, तरी नदी नाही थांबली, शामसुंदररावांची वाट पाहता रात्र माझी लांबली."

बायकांनी वाहवा केली. वसुंधरेनं ओळखला, हा तिनंच शकुबाईला दिलेला उखाणा. शेजारी शकुबाईनं पदर तोंडाशी नेला.

मग कलावतीबाई करंडा घेऊन रांगेत फिरू लागल्या. आधी हळद, मग नाव, मग कुंकू. वसुंधरेच्या कपाळी हळद टेकवून त्या थांबल्या.

"हा उखाणा तुझा म्हणतात, खरं का? तुझ्याबद्दल दुसरंही काही कानावर येतं. मी म्हटलं, जी असं लिहिते ती कशाला शत्रूची पुस्तकं वाचेल."

सुटकेचं दार उघडं होतं. फक्त हो म्हणायचं. अरुणकुमारची नोकरी, क्वार्टर, सगळं त्या एका शब्दात बसत होतं. आणि त्या बाईच्या ओळींवर आणखी एक नाव चढणार होतं. तिच्या नवऱ्याचं चढलं, मग सेक्टरमधल्या सगळ्या नवऱ्यांची चढली, आता वसुंधरेचं.

"माझा नाही," ती म्हणाली. "एका चिनी बाईचा आहे. फार जुन्या काळातली. मी फक्त मराठीत आणला, आणि तोही बदलून. तिची दुसरी ओळ अशी आहे: वाट कुणाचीच नव्हती, तरी रात्र माझी लांबली."

कलावतीबाईंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या तोंडून काय गेलं ते त्या मनाशी पुन्हा म्हणून बघत असाव्यात. वसुंधरेला तसंच सोडून त्या पुढे सरकल्या. सवाष्णीचं कपाळ नुसत्या हळदीचं. दोघीतिघींनी माना खाली घातल्या.

पुढची शकुबाई. हळद लागली.

"नाव घे."

शकुबाईनं एकदा वसुंधरेकडे पाहिलं. "नदीत पडला चंद्र, तरी नदी नाही थांबली, शालिकरामची वाट पाहता रात्र माझी लांबली."

"आत्ता ऐकलंस ना कुणाचा आहे ते?"

"आयकलं ना बाई. मले दुसरा येतच नाही. अन् रातपाळी बंद होते का लढाई झाली म्हणून?"

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कलावतीबाईंनी शकुबाईला कुंकू लावलं. करंडा घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग मागे वळल्या. वसुंधरेच्या कपाळी बोट टेकलं ते जरा जोरानंच.

"साहेबांना मी सांगणार नाही," त्या तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. "पण उद्या त्यांनी विचारलं, तर ऐकलं नाही असंही म्हणणार नाही." तिळगूळ देताना त्यांची बोटं गार होती. "ती दुसरी ओळ काय म्हणालीस?"

वसुंधरेनं ती पुन्हा सांगितली.

बाहेर अरुणकुमार अजून उभा होता. त्यानं आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं, कुंकू दिसलं तसा सुटकेचा श्वास टाकला.

"विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"मग? तुझाच म्हणालीस ना?"

"तिचा म्हणाले."

तो सायकलवर न बसता हातानंच ढकलत निघाला, आणि ती सायकलच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागली.