मच्छिंद्रचे प्रस्थान

केंदूरचा मच्छिंद्र शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकला. पुढे तो कारखान्यात वेल्डर झाला. परंतु आफ्रिकेच्या किनाऱ्यामागील डोंगरात नव्याने सोने सापडल्याची वार्ता आली आणि त्याचे चित्त कामावरून उडाले. एका एजंटाचे गलबत गुजरातच्या बंदरातून सुटणार होते. त्याच्यासारखेच चाळीस जण त्यातून सोने शोधायला निघाले होते.

शिकवण्याबरोबर मी भिक्षुकीही करीत असे. त्याची आई विठाबाई दौंडला माझ्या घरी आली. गुरुजी हो म्हणाले तरच जा, असे तिने लेकाला बजावले होते. मला मात्र तिने हात जोडून विनवले की, दिवस वाईट आहे असे सांगा. त्यासाठी खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. निघण्याचा दिवस पौषातल्या अमावास्येचाच होता.

दोन दिवसांनी मच्छिंद्र आला. मी पंचांग दाखवले. मग जाणे राहिले, असे म्हणून त्याने मान खाली घातली. उठता उठता फळीवरच्या माझ्या हस्तलिखिताकडे पाहून तो हळहळला. पहिल्या सोन्यातून ते छापून देण्याचे त्याच्या मनात होते. चाळीस वर्षे खपून लिहिलेली ती संस्कृत ग्रंथावरची टीका एकही प्रकाशक हाती धरीत नव्हता.

मी त्याला पुन्हा बसवले.

शास्त्रात सोय आहे. आधीच्या शुभ दिवशी प्रवाशाने आपले वस्त्र, अक्षता आणि सुपारी बांधून वाटेवरच्या एखाद्या घरी ठेवावी. तेच त्याचे प्रस्थान. मग प्रत्यक्ष निघण्याच्या दिवसाचा दोष मानीत नाहीत. त्याचे गाठोडे मी माझ्याच देवघरात ठेवून घेतले. अमावास्येला ते उचलून तो दौंड स्टेशनावर गाडीत चढला.

नंतर विठाबाईने विचारले, तेव्हा दिवस वाईट असल्याचे मी त्याला सांगितले होते, एवढेच म्हणालो. ते वाक्य खरे होते.

चैत्रात त्याचा सोबती म्हाळू एकटाच परतला. किनारा दिसत असतानाच गलबत खडकावर फुटले होते. म्हाळू पिंपाला धरून तरला, मच्छिंद्र गेला.

देह मिळाला नव्हता. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भावकीने मला बोलावले. केंदूरला पोहोचलो, तर विठाबाई हटून बसलेली.

"माझं न्हाई ऐकलं, तुमचं बी न्हाई ऐकलं. असल्या पोराला कसला अग्नी? ऱ्हाऊ द्या तिकडंच पान्यात."

मी गप्प राहिलो असतो, तर माझा मान शाबूत राहिला असता आणि मच्छिंद्र आईच्या मनात कायमचा हट्टी ठरला असता. मी सारे सांगितले. प्रस्थानाचे सांगितले, ज्या लोभाने ते सुचले, तो लोभही सांगितला.

ती माझ्याकडे वळली.

"म्हंजी त्यो थांबत व्हता?"

"थांबत होता. मीच त्याला वाट काढून दिली."

"माझं ऐकलं व्हतं त्यानं."

पदर तोंडाला लावून ती रडली. तिच्या जावेने मला सांगितले की, बातमी आल्यापासून प्रथमच. मग डोळे पुसून तिने दिराला दर्भ आणायला धाडले. मी पोथीची पिशवी सोडू लागलो.

"तुम्ही नगा, गुरुजी," ती म्हणाली. "शिरूरवरनं दुसरं भटजी बोलावते."