तो खातो काय?

राक्षस घडवताना लोक आधी दात आणि नखं रंगवतात. मी आधी तो खातो काय, ते ठरवते. दात मग आपोआप सुचतात. टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळांसाठी राक्षस घडवणं हा माझा धंदा आहे आणि त्यात मला कुणी शिकवू नये. दादाने तर नाहीच नाही.

नवा राक्षस आधी दादा-वहिनीवर आजमावायचा, हा माझा नियम. मी टेबलावर त्याची बोटभर मातीची बाहुली ठेवली, खेळाच्या मापाने मांजराएवढी, तसा दादा हसला. "हा राक्षस? एका तलवारीत लोळवतो."

"तलवार नको, जाळं टाक," वहिनी म्हणाली.

"तुला काय कळतं लढाईतलं?"

"मागच्या खेळात आधी मेलं कोण?"

मी ती मांजराएवढी उचलली आणि त्या जागी त्याच राक्षसाची कुत्र्याएवढी बाहुली ठेवली. दोघांनी घर डोक्यावर घेतलं. मी कुत्रा काढून बैल ठेवला, बैल काढून हत्ती.

"अगं, आम्ही अजून फासासुद्धा टाकला नाही!" दादा ओरडला. "हा वाढतोय कशावर?"

"भांडणावर. तेच खातो तो."

दोघं एकदम गप्प झाले. मी हत्ती काढून बैल ठेवला, मग कुत्रा, मग पुन्हा मांजर. आता एक फटका पुरला असता. दादाने फासा उचलला.

वहिनीने त्याचा हात धरला. "मारू नकोस. आपण पाळू याला. आपल्या घरी उपाशी नाही मरणार."

"म्हणजे मी भांडतो?" दादा भडकला.

मी कुत्रा परत टेबलावर ठेवला.