सोजरबाईंची बाटली

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे आणि मला क्षणभरही स्वस्थ बसता येत नाही. उणे ऐंशी अंश राखायचे म्हणजे सतत घरघरत राहायचे. पुण्यात आयटी कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या, तेव्हा मला येरवड्याजवळच्या एका प्रयोगशाळेत आणले. नारळ फुटला, कौतुक झाले. पुढे माझ्या डोक्यावर फायली आल्या, मग कुणाचे तरी हेल्मेट.

माझ्या पोटात गुडघेदुखीच्या दोनशे रुग्णांच्या लघवीचे नमुने होते. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजली की तिचे बारीक अंश लघवीत उतरतात. ते मोजून दुखणे किती बळावले आहे हे ओळखता येईल का, याचा शोध आमच्या संशोधक तेजस्विनीताई घेत होत्या.

वाघोलीच्या सोजरबाई कठडा धरून कशाबशा जिना चढत. त्यांचा आकडा मात्र धडधाकट तरुणीसारखा आला. झाले, खापर माझ्यावर फुटले. फ्रीझर म्हातारा झाला, त्यानेच नमुने नासवले, असे सगळे म्हणू लागले. नमुने फेकायचे आणि मला भंगारात काढायचे ठरत आले. मी आतल्या आत तळमळलो, पण घरघरण्यापलीकडे मला काय येते?

दुसऱ्या तपासणीला आलेल्या सोजरबाई माझ्याशेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. मुलगा विश्वजीत बाहेर फोनवर होता. मला भंगारात काढायचे बोलणे ऐकून त्या चुळबुळल्या.

"ताई, त्या मशिनीला बोल लावू नका," त्या हळूच म्हणाल्या. "ती बाटली माझी न्हाई, सुनेची हाय. गुडघं गेलं असं कागदावर आलं, तर आता आईला शेती झेपत न्हाई म्हणून पोरगं उरलंसुरलं वावर बिल्डरला देऊन टाकंल."

तेजस्विनीताई रागावल्या नाहीत. खरा नमुना द्या, मुलाला सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा, एवढेच म्हणाल्या. पंधरा दिवसांनी खरा आकडा आला. चांगलाच मोठा होता. सोजरबाईंनी स्वतःच विश्वजीतला आत बोलावून कागद त्याच्या हातात दिला.

त्याने आकड्यावर बोट ठेवले. "आई, कधीपासून दुखतंय?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपास्नं. तू आज इचारलंस."

विश्वजीतची मान खाली गेली. वावर राहू दे, रविवारी खुरपायला मी येतो, असे तो पुटपुटला. सोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मला वेळेवर पुसा, माझे दार नीट लावा. आणि घरातले कुणी जिन्यात मध्येच थांबले, तर कागद येईपर्यंत थांबू नका. विचारा.