बोटभर जास्त

त्रिशला मगदूम आठवीत असताना वडिलांनी तिला घेतलेला शाळेचा गणवेश अजून वाढतो आहे. हल्ली त्याच्या बाह्या खिडकीतून बाहेर पडतात, समोरच्या विजेच्या खांबाला वळसा घालतात आणि परत येतात. तेव्हाचे बूट आता परसात आहेत. डाव्यात मांजर व्यालीय. वाढत्या अंगाला मोठंच घ्यावं, असं तिच्या वडिलांचं, भूपालआण्णांचं, म्हणणं. आणि वाढीला जागा ठेवली की त्या घरात वस्तू वाढायचीच. वाढली नाही ती फक्त त्रिशला. तिची उंची आठवीतच थांबली, आणि आता ती अठ्ठावीस वर्षांची होती.

मिरजेत आण्णांच्या सायकल दुकानाचं नाव होतं. शर्यतीच्या सायकली पार बेळगावहून त्यांच्याकडे यायच्या. फक्त लेकीच्या सायकलीवर आला की त्यांचा हात बोटभर वर सरकायचा. लेकही शर्यतीत उतरायची. मागच्या निवड चाचणीत हँडल बोटभर उंच राहिलं, सगळा वारा छातीवर आला आणि ती एका चाकानं हरली. आण्णा म्हणाले, "पुढल्या वर्षी वाढशील की." तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची.

यंदा सायकलीला कार्बनचा चिमटा आला. त्यानं खाली पुढचं चाक धरायचं आणि त्याच्या वरच्या नळीवर हँडल बसवायचं. नळी कारखान्यातून येते तशी लांबलचक होती, ती मापात कापायची होती. चाचणीला न्यायला जीप दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येणार होती. तिशी ओलांडायच्या आत मिळणाऱ्या संधी मोजक्या असतात, आणि ही तिची शेवटून दुसरी होती.

"एकशे पंच्याऐंशी," त्रिशला म्हणाली. "एक मिलिमीटर जास्त नको."

"ऱ्हाऊ दे की बोटभर. कापल्यालं परत येत न्हाई."

"मी आता वाढणार न्हाई, आण्णा."

"असं म्हणू नगं."

त्यांनी नळीला टेप गुंडाळली, ती साच्यात घट्ट धरली. कार्बनची धूळ छातीत गेली की निघत नाही, म्हणून नाकाला फडकं बांधलं. बारीक दातांचं पातं पाण्यात बुडवून, जोर न लावता, सावकाश कापत नेलं. शेवटचा पदर राहिला तेव्हा नळी फिरवून तो उलट्या बाजूनं कापला, म्हणजे धागे उसवत नाहीत. काप आरशासारखा आला. पण खुणेच्या बोटभर वर.

चहा होईपर्यंत नळी वाढली. हँडल त्रिशलाच्या हनुवटीला लागलं, मग कपाळाला. आण्णांनी पुन्हा कापलं, पुन्हा बोटभर वर. असं चारदा झालं. शेवटी हँडल छपराच्या पत्र्याला टेकलं तेव्हा तिनं त्यांच्या हातातली करवत काढून घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही. तिला त्यांचा संताप आला, आणि त्यांचे चारही काप किती देखणे आहेत हे पाहून तो जास्तच वाढला. आळशी माणसाला चार शिव्या तरी देता येतात.

तिनं त्यांनीच शिकवलं तसं, पण खुणेवर कापलं. नळी गप्प राहिली. सायकलीवर बसली तेव्हा जन्मात पहिल्यांदा तिची पाठ सपाट झाली.

आण्णांनी खाली पडलेला तुकडा उचलला, त्यावरची धूळ पुसली आणि दाराच्या कोनाड्यात आधीच्या चार तुकड्यांशेजारी ठेवला.

"टाकून द्या ते."

"असू दे. लागंल कवातरी."

सकाळी पावणेसातला ती सायकल घेऊन निघाली, तर पाचही तुकडे वाढून दाराला आडवे झाले होते. पहिला घोट्याजवळ, शेवटचा कपाळापाशी. दोन्हीकडची टोकं भिंतीत गेली होती. खिडकीत बाह्या गच्च बसल्या होत्या. परसाकडच्या दारात बुटाचा चवडा होता.

बाहेर जीपनं हॉर्न वाजवला.

पाच नळ्या, दहा काप. त्रिशलानं नाकाला फडकं बांधलं, पातं भिजवलं आणि डाव्या भिंतीला अगदी चिकटवून पहिल्या नळीवर टेकवलं. मागून आण्णा आले. दुसरी करवत घेऊन ते उजवीकडे उकिडवे बसले. त्यांचे डोळे रात्रभर झोप नसल्यासारखे लाल होते.

"भिंतीला लागून कापा, आण्णा. पाया पडते तुमच्या."

"व्हय बाळ. जायचंच हाय तुला."

हॉर्न पुन्हा वाजला. तिचं पातं निम्म्यावर आलं होतं. आण्णांनी टेपचं टोक दातानं तोडलं आणि नळीला गुंडाळलं. टेप अगदी सरळ बसली होती, भिंतीपासून बोटभर अंतरावर.