रागीच्या वाट्याची सेवा

मंगळवारची सकाळ होती. कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांमधल्या आमच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या तव्यावर फुलके फुगत होते आणि भाई सुरजन सिंग डाळीचं भलंमोठं पातेलं घासत होते. ते कीर्तनाला बसले की जमलेली सारी संगत डोळे मिटून डोलायची, असा त्यांचा गळा. समितीने त्यांना पंजाबातल्या तरनतारनहून रागी म्हणून, गाण्यासाठीच आणलं होतं. पण आमच्याकडची रीतच अशी, की नव्या रागीने रविवारी गायचं आणि बाकीचे दिवस भांडी, फरशी, पहारा. याला नाव सेवा. कुरकुर केली तर तो अहंकारी!

"भाईजी, गळ्याला जपा हो. त्या धुराजवळ कशाला बसता?" लंगर सांभाळणाऱ्या बीबी हरबन्स कौर म्हणाल्या.

"दोन वर्षं भरतच आली, बीबीजी. कायमचा व्हिसा झाला की कुलबीर येईल, छोटी येईल. मग तुम्ही आणि कुलबीर घासा, मी गातो!"

"आले मोठे! बायकोला आणताय की मोलकरणीला?"

सुरजन सिंग खळखळून हसले. छोट्या लेकीला त्यांनी अजून फोनवरच पाहिलं होतं.

व्हिसाची अट स्पष्ट होती. दोन वर्षं सलग, पूर्णवेळ धर्माचंच काम केलेलं हवं. झाडलोट, भांडीकुंडी त्यात धरत नाहीत.

त्याच सकाळी सरकारी तपासनीस बाई न कळवता दारात उभी राहिली. ट्रकांचा धंदा असलेले समितीचे प्रधान अजैब सिंग धावत आले. "हे आमचे रागी. दिवसभर कीर्तन, पाठ!"

बाईने सुरजन सिंगांच्या साबणाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. "तुमचं रोजचं काम काय?" बीबींनी प्रश्न पंजाबीत सांगितला.

"गाणारा मी कोण? गुरू गाऊन घेतो. माझं काम म्हणाल तर संगतीची ही उष्टी भांडी."

"अहो, ती काय सत्संगाला आलीय?" बीबी कुजबुजल्या. "दिवसभर गातो म्हणा!"

"गुरूच्या घरात खोटं कसं बोलू? आहे तसं सांगा."

बीबींनी प्रधानजींकडे पाहिलं. 'आम्हीच याला राबवलं,' एवढं प्रधानजींनी म्हणायचं होतं. पण त्यांनी नजर खाली वळवली. बीबींनी बाईला उत्तर जसंच्या तसं सांगितलं.

"मग गाऊन दाखवा," बाई म्हणाली.

सुरजन सिंगांनी हात पुसले, तिथेच मांडी घातली आणि पेटीविना गुरुबाणीतला शबद आळवला. तव्यावरचा फुलका करपला, तरी कुणी हललं नाही. बाईचे डोळे भरून आले.

"फार सुंदर गाता तुम्ही," ती हळूच म्हणाली. "पण मी काम विचारलं होतं." आणि दिसलं तेच तिने लिहून नेलं.

अर्ज नामंजूर झाला. फोनवर कुलबीर एवढंच म्हणाली, "आम्हाला नेणार होतात ना?"

निरोपाच्या दिवशी प्रधानजींनी त्यांच्या गळ्यात मानाचं केशरी वस्त्र, सिरोपा घातला. "अशी सेवा लाखात एक!" संगतीने जयघोष केला. बीबी पातेलं घासायला आत निघून गेल्या.

"नवा रागी ठरलाय, बीबीजी," प्रधानजी नंतर म्हणाले. "आवाज मधासारखा आहे म्हणे."

"त्याला बायकामुलं आहेत का, प्रधानजी?"

प्रधानजी जोडे घालू लागले.

ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या घामाला आपण सेवा म्हणतो आणि गुरूपुढे माथा टेकतो. गुरू तो माथा कसा स्वीकारत असेल?